सीमेवर कोणाचा कागद चालतो?

जबलपूरच्या हाऊबाग स्टेशनातून छोट्या लाइनने गोंदियाला गेलेल्या माणसाला मानकांचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. आमचे आजोळ भंडाऱ्याकडचे. दिवाळीच्या सुटीत रात्रभर नैनपूर-बालाघाटच्या जंगलातून हेलकावे खात गोंदियाला पोचायचे आणि तिथे गाडी बदलायची. अडीच फुटांचा रूळ तिथे संपायचा, साडेपाच फुटांचा सुरू व्हायचा. आई ट्रंका मोजत उभी, वडील हमालाशी घासाघीस करण्यात गुंतलेले, आणि पलीकडे मालधक्क्यावर छोट्या वाघिणीतल्या गोण्या पाठीवर घेऊन मोठ्या वाघिणीत चढवणाऱ्या माणसांची रांग. एखादी गोणी फाटलेली असायची. सांडलेले गहू खडीत उगवून आलेले मला अजून आठवतात. दोन्ही रूळ आपापल्या जागी ठीकच होते. खर्च व्हायचा तो मधल्या पन्नास पावलांचा.

याच जबलपुरात मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे एकमेकींना मिळाल्या. कंपन्या दोन, हिशेब दोन, साहेबही दोन. पण रुळांतले अंतर एकच. म्हणून मुंबई-कलकत्ता हा सलग रस्ता झाला. छोटी लाइनही २०१५ साली जबलपुरातून हलली, आता गोंदियापर्यंत मोठा रूळ आहे. शेजारी देशांशी व्यापार करताना मात्र आपण बऱ्याचदा अजून गोंदियाच्या त्या धक्क्यावरच उभे असतो.

आमच्या जबलपूरकडचे मटार, सलवार सूट, भेडाघाटचे दगडकाम, नमकीन, शिंगाड्याचे पीठ, यातले काहीही नेपाळ, बांगलादेश, भूतान किंवा श्रीलंकेला पाठवावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी आयुष्य एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर काढले. निवृत्तीनंतर ओळखीतले लोक कागद घेऊन येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, ड्यूटी किती लागेल?"

ड्यूटी निदान दिसते तरी. विदर्भातल्या संत्रा बागाइतदाराला विचारा. बांगलादेशने २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये असलेले आयात शुल्क वाढवत नेऊन २०२३ मध्ये ८८ रुपयांवर नेले, तेव्हा संत्रे तिकडे पाठवायचे की नाही याचा हिशेब त्याला पाठकोऱ्या कागदावर मांडता आला. नुकसान झाले, पण किती होणार ते आधी कळले. मानकांचे तसे नाही. "तुमचा चाचणी अहवाल आमच्याकडे चालत नाही" हे वाक्य ट्रक सीमेवर उभा राहिल्यावरच ऐकू येते, आणि त्याची किंमत ताज्या मालाच्या बाबतीत तासावर ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जून २०१९ मधला नेपाळचा निर्णय. भारतातून येणाऱ्या भाज्या-फळांची कीटकनाशकांच्या अंशासाठी तपासणी झाल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही, असे नेपाळ सरकारने ठरवले. हेतूबद्दल कोणाला तक्रार असायचे कारण नाही. आपल्या पानात विष नको, एवढेच ते म्हणत होते. पण सीमेवरच्या नाक्यांवर तशी तपासणी करायची सोय नव्हती. नमुने काठमांडूला पाठवायचे, अहवाल यायची वाट पाहायची, तोवर ट्रक रांगेत. जूनच्या उन्हात ताडपत्रीखाली भाजीचे काय होते ते सांगायला नको. काठमांडूत भाव चढले, भारतीय दूतावासाने पत्र लिहिले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारने निर्णय मागे घेतला. त्यावर नेपाळात मोठा गदारोळ झाला, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही गेले.

या प्रकरणाकडे आपल्याकडचे लोक 'नेपाळने अडवले' म्हणून पाहतात आणि तिकडचे 'भारताने दबाव आणला' म्हणून. मला त्यात तिसरीच गोष्ट दिसते. एका किलोत कीटकनाशक किती चालेल, यावर भांडण झालेच नव्हते. अडले ते चाचणी कोण करणार, कुठे करणार आणि कोणाचा अहवाल कोण मानणार, यावर. जबलपूरहून निघताना नीट तपासलेल्या मालाचा अहवाल नेपाळच्या नाक्यावर चालला असता, तर रांगच लागली नसती. मानके जुळवणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन देशांचे आकडे एकसारखे करणे येते. आकडे पुष्कळदा आधीच जवळ असतात, कारण दोघेही ते एकाच ठिकाणाहून उचलतात: खाद्यपदार्थांत १९६३ पासून चालत आलेल्या कोडेक्स आयोगाकडून, कापड आणि यंत्रांत आयएसओकडून. खरी अडचण शिक्क्याची असते.

हा फरक एकदा नीट समजून घ्या, पुढचे पुष्कळ सोपे होईल. मानक म्हणजे वस्तू कशी असावी याचे वर्णन; ते पाळणे सहसा ऐच्छिक असते. सरकारने तेच मानक आदेश काढून सक्तीचे केले की तो तांत्रिक नियम होतो, आणि त्याशिवाय माल विकता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वस्तू त्या वर्णनात बसते हे सिद्ध करणारी तपासणी आणि दाखला. दोन देशांची मानके तंतोतंत सारखी असूनही तिसऱ्या पायरीवर माल अडू शकतो. उलट मानके थोडी वेगळी असून माल बिनबोभाट जाऊ शकतो, जर एकमेकांचे दाखले मानायचे ठरले असेल तर. युरोपात हे १९७९ साली एका फ्रेंच मद्यावरून ठरले. ब्लॅककरंटच्या त्या मद्यात अल्कोहोल कमी आहे म्हणून जर्मनी ते विकू देईना. युरोपीय न्यायालयाने सांगितले की फ्रान्समध्ये रीतसर बनलेली आणि विकली जाणारी वस्तू सबळ कारणाशिवाय जर्मनीला अडवता येणार नाही. बाटलीतले अल्कोहोल वाढवायची गरज पडली नाही.

आपल्या बाजूला काय आहे? सार्क देशांची प्रादेशिक मानक संस्था, सार्सो, ढाक्यात आहे. तिचा करार ऑगस्ट २०११ मध्ये लागू झाला आणि सचिवालय २०१४ पासून चालू आहे. साखर, बिस्किटे, तागाचे कापड अशा रोजच्या वस्तूंपासून तिने समान मानकांचे काम सुरू केले. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवमधल्या अड्डूच्या शिखर परिषदेत आणखी दोन करारांवर सह्या झाल्या: एक प्रादेशिक मानके अमलात आणण्याचा, दुसरा एकमेकांच्या तपासण्या मान्य करण्याचा. दुसऱ्याचे महत्त्व पहिल्यापेक्षा जास्त, असे माझे मत. पण सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर भरलेली नाही, त्यामुळे या मार्गाने सगळे सुटेल अशी आशा धरून धंदा मांडू नका.

प्रत्यक्षात हललेल्या गोष्टी दोन देशांच्या थेट करारांतून हलल्या आहेत. भारताची मानक संस्था बीआयएस आणि बांगलादेशची बीएसटीआय यांनी जून २०१५ मध्ये सहकार्याचा करार केला. बीएसटीआयच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना प्रयोगशाळा पारखणाऱ्या आपल्या एनएबीएल या संस्थेने मान्यता दिली, आणि २१ खाद्यपदार्थांसाठी बीएसटीआयचा दाखला भारतात स्वीकारायचे ठरले. भूतानच्या बाबतीत मार्च २०२४ मध्ये असाच करार झाला: तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाने दिलेला दाखला मालासोबत असेल तर आपले अन्नसुरक्षा प्राधिकरण, एफएसएसएआय, तो मानेल. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून वाचा. हे दोन्ही निर्णय आपल्याकडे येणाऱ्या मालाविषयी आहेत. तुमच्या मालासाठी आपला कागद तिकडे आपोआप चालेल, असा त्याचा अर्थ नाही. ते वस्तूगणिक, देशागणिक विचारून घ्यावे लागते. श्रीलंकेसारख्या ठिकाणी सक्तीच्या तपासणीतल्या काही वस्तूंसाठी आपल्या निर्यात तपासणी परिषदेचा, म्हणजे ईआयसीचा, दाखला उपयोगी पडतो. म्हणून तिकडे माल पाठवताना पहिला फोन ईआयसीला करावा.

आता मटाराकडे येऊ, कारण जबलपूर जिल्ह्याच्या नावावर 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत मटारच आहे, आणि थंडीत शहापुरा, पाटण, मझौलीकडून येणाऱ्या ट्रकांनी मंडीचा रस्ता भरलेला असतो. जवाहरलाल नेहरूंच्या नावाच्या इथल्या कृषी विद्यापीठाने मटाराच्या 'जवाहर' जाती काढल्या. मुंबई-नागपूरच्या भाजीवाल्यांना जबलपुरी मटार म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही. सीमेपलीकडे मात्र 'जबलपुरी' या शब्दाला काही अर्थ नाही. तिथे पहिला प्रश्न असतो मालाचा सीमाशुल्क कोड कोणता.

आणि मटार हा एक माल नाही, तीन आहेत. ताज्या शेंगा ०७०८१०, गोठवलेले दाणे ०७१०२१, वाळलेला वाटाणा ०७१३१०. सहा आकड्यांपर्यंत हा कोड जगभर सारखा चालतो. शेंगा आणि वाळलेला वाटाणा सीमा ओलांडतात तेव्हा वनस्पती क्वारंटाईनवाले कीड-रोगाचा दाखला मागतात, जो फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणून ओळखला जातो. उकडून गोठवलेल्या दाण्यात जिवंत कीड राहत नाही, म्हणून तिथे क्वारंटाईनपेक्षा अन्न खात्याचे राज्य असते: जंतू किती, उणे १८ अंश तापमान वाटेत टिकले का, पाकिटावर काय लिहिले आहे. गोठवलेल्या मटाराचे कोडेक्स मानकही १९८१ मध्येच वेगळे काढले गेले होते. तेव्हा "मटार पाठवायचा आहे" असे कोणाला विचारू नका. कोड सांगून विचारा, नाहीतर उत्तर शेंगांचे मिळेल आणि तुम्ही दाणे भरलेले असाल.

गेल्या हिवाळ्यात एक तरुण व्यापारी घरी आला. सोबत चाचणी अहवाल, वर चकचकीत शिक्का, कीटकनाशकांची भली मोठी यादी आणि प्रत्येकापुढे 'आढळले नाही'. तो खूश होता. मी चष्मा पुसून तळाची बारीक अक्षरे वाचली. 'नमुना ग्राहकाने आणून दिलेला. निष्कर्ष केवळ तपासलेल्या नमुन्यापुरते.' वर नमुन्याचे वर्णन: 'हिरवा मटार, १ किलो'. बॅच नंबर नाही, गोण्यांची संख्या नाही, शेत कोणते त्याचा पत्ता नाही. मी विचारले, हा किलो कुठून आणलास? म्हणाला, मंडीतून चांगला निवडून आणला. बस. हा अहवाल त्याच्या ट्रकाचा नव्हताच, त्याने निवडलेल्या एका किलोचा होता. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने तो बाजूला सारला असता तर मी त्या अधिकाऱ्याला दोष दिला नसता.

चाचणी अहवाल घेताना म्हणून चार गोष्टी बघायच्या. नमुना शक्यतो प्रयोगशाळेच्या माणसाने येऊन, भरलेल्या मालातून काढावा, सील करावा, आणि बॅच नंबर अहवालात यावा. त्याचे थोडे जास्त पैसे लागतात, द्यावेत. दुसरे, एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, ठराविक वस्तूंच्या ठराविक चाचण्यांपुरती असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेचा 'स्कोप' उघडून आपली चाचणी त्यात आहे का पाहा, आणि अहवालावर यूएलआर, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का तेही. एनएबीएल ही अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत आहे, त्यामुळे मान्यतेतल्या चाचणीच्या अहवालाला बाहेर वजन असते. मान्यतेबाहेरच्या चाचणीचा अहवाल म्हणजे घरच्या घरी वाजवलेल्या टाळ्या.

तिसरे थोडे तांत्रिक आहे पण पैसे तिथेच वाचतात. 'आढळले नाही' याचा अर्थ 'यंत्राला जेवढे बारीक दिसते त्यात आढळले नाही'. ज्या देशात मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्राम आहे तिथे ०.०५ पर्यंतच पाहू शकणाऱ्या यंत्राचा निर्वाळा काही कामाचा नाही. अहवालात मोजमापाची किमान पातळी, म्हणजे एलओक्यू, छापलेली हवी आणि ती मर्यादेइतकी किंवा तिच्याखाली हवी. चौथी गोष्ट म्हणजे यादी. चाचणीत कोणती औषधे आहेत ते आयात करणाऱ्या देशाच्या यादीशी आणि तुमच्या शेतकऱ्याने खरोखर मारलेल्या औषधांशी जुळवून पाहा. भुरीवर आणि माव्यावर काय फवारले, कधी फवारले, तोडणी कधी झाली, याची वही शेतकऱ्याकडे नसेल तर प्रयोगशाळा कितीही भारी असू दे, तुम्ही अंदाजाने खेळत आहात. महाराष्ट्राच्या द्राक्षवाल्यांना हे २०१० मध्ये युरोपने शिकवले. तिथे क्लोरमेक्वाटचे अंश सापडले, कंटेनर अडले, आणि तोवर हे रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत नव्हते. द्राक्षांना बागेपासून कंटेनरपर्यंतचा माग ठेवणारी ग्रेपनेट व्यवस्था त्याआधीच होती, तरी यादीतल्या एका रिकाम्या जागेने घोळ केला.

लेबलाबद्दल थोडक्यात. बांगलादेशात पाकिटबंद खाद्यपदार्थावर बांगला भाषा हवी. हिंदी-इंग्रजी पाकिटावर नंतर स्टिकर मारून चालेल का, हे छपाईपूर्वी आयातदाराकडून लेखी घ्या. नेपाळची लिपी आपलीच, म्हणून आपण गाफील राहतो. तिथे विक्रम संवत चालतो. आपल्या 'एक्सपायरी'चे वर्ष आणि त्यांच्या पंचांगातले वर्ष यांत छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे अंतर आहे, तेव्हा तारीख इसवी सनातली आहे हे स्पष्ट छापा आणि महिना आकड्याऐवजी अक्षरात लिहा.

सलवार सूटवाल्यांना वाटते, कपड्याला कसले आले मानक. रंगाला आहे. कर्करोगाशी संबंध असलेले ११२ अझो आणि बेंझिडीन रंग भारतानेच १९९० च्या दशकात बंद केले. रंगवलेले कापड बाहेरून घेऊन तुम्ही फक्त शिवता, तरी प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. कापडाच्या व्यापाऱ्याकडून अझो-मुक्त असल्याचा अहवाल प्रत्येक लॉटबरोबर मागा. धुण्या-इस्त्रीच्या खुणांचे काम आधीच कोणीतरी करून ठेवले आहे: आयएसओ ३७५८ मधली ती टब, त्रिकोण, इस्त्रीची चित्रे. अक्षर न वाचताही ती ढाका आणि कोलंबोत सारखीच कळतात. मापांचे मात्र रामभरोसे. आपल्या एका कारखान्याचा 'एक्सएल' दुसऱ्याचा 'एल' असतो. भारतीय शरीरांची मापे घ्यायला निफ्टने सहा शहरांत पंचवीस हजारांवर लोकांना मोजायचा इंडियासाइझ प्रकल्प हाती घेतला. तो कुठे जायचा तिथे जावो, तुम्ही तुमच्या पाकिटात छाती, कंबर, लांबी सेंटिमीटरमध्ये छापलेली चिठ्ठी टाका. परत येणारा माल त्यानेच कमी होतो. हा नियम कोणत्याही सरकारचा नाही, माझ्या मेहुण्याच्या दुकानाचा आहे.

भेडाघाटच्या दगडकामाला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण जीआय वस्तू कुठली हे सांगतो, ती कशात बांधली हे नाही. आणि दगडी मूर्ती बहुधा अडते ती तिच्या खोक्यामुळे. कच्च्या लाकडात कीड लपून देश ओलांडते म्हणून आयएसपीएम १५ हा जागतिक नियम आहे: खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटे तापवलेले असावे आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का असावा. आपल्या कारागिरांची सवय म्हणजे आंब्याच्या फळ्यांचे खोके आणि आत भाताचा पेंढा. पेंढा तर कोणत्याही क्वारंटाईनवाल्याच्या डोळ्यांत सलणारच. पेंढ्याऐवजी कागदाचा चुरा किंवा बबल शीट वापरा, खोके शिक्केवाल्या लाकडाचे किंवा सरळ प्लायचे घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलेल्या खोक्यात पाच हजारांची मूर्ती अडकलेली मी पाहिली आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. नेपाळी उद्योजकांना विचाराल तर ते हीच गाऱ्हाणी आपल्याविरुद्ध सांगतील. आपल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांमुळे सिमेंट, प्लायवूड, पादत्राणे अशा कितीतरी वस्तूंना बीआयएसचा परवाना सक्तीचा झाला. परवान्यासाठी भारतातून तपासनीस जायचा, कारखाना पाहायचा, नमुने इकडे तपासायचे. त्यात महिने जातात. आपण त्यांच्या नाक्यावर ज्या खिडकीपुढे उभे राहतो, तशीच खिडकी आपण त्यांच्यासाठी उघडली आहे. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात असले की बोलणे जरा सौम्य होते आणि सौदाही लवकर जमतो.

नियम बदलतात ते आधी कळण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारांमुळे सदस्य देशांना नवा तांत्रिक किंवा अन्नसुरक्षेचा नियम आणताना मसुदा आधी कळवावा लागतो, आणि हरकतींसाठी साधारण साठ दिवस द्यावे लागतात. हे सगळे मसुदे 'ईपिंग' नावाच्या संकेतस्थळावर येतात. तिथे आपला कोड आणि देश निवडून ठेवला की ईमेल येत राहतो. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका सदस्य आहेत. भूतान नाही, त्यामुळे भूतानची बातमी आयातदाराकडूनच काढावी लागते. हरकत घ्यायची असेल तर ती सरकारमार्फत जाते. औद्योगिक वस्तूंसाठी बीआयएस आणि अन्नासाठी एफएसएसएआय ही आपली दारे. पत्र एकट्याने लिहिण्यापेक्षा संघटनेच्या लेटरहेडवर लिहिले तर वाचले जाते, हा अनुभव आहे.

बीआयएसबद्दल आणखी एक. भारतीय मानके पूर्वी विकत घ्यावी लागत, आता बीआयएसच्या संकेतस्थळावरून ती मोफत उतरवता येतात. नवीन मानकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला जातो तेव्हा कोणीही, हो, शहापुऱ्याचा मटारवालाही, त्यावर मत पाठवू शकतो. सार्सोच्या टेबलावर भारताची भूमिका बीआयएसच्याच समित्यांतून जाते. तिथे मोठ्या कंपन्यांची माणसे नियमाने बसतात, आपण जात नाही, आणि मग मानक शहरातल्या मोठ्या यंत्रांना शोभेल असे निघाले की कपाळावर हात मारून घेतो. मध्य प्रदेशासाठी बीआयएसची शाखा भोपाळला आहे. एकदा जाऊन ओळख करून यावी. चहा मिळाला नाही तरी नाव-नंबर मिळतो.

पैशाचे दोन शब्द. आयात-निर्यात कोड परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो. खाद्यप्रक्रियेचे लहान युनिट टाकायचे असेल तर २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवले होते; योजना चालू आहे का ते आधी विचारा. अनुदान यंत्रांवर घालवताना तापमानाची नोंद ठेवणारे उपकरण विसरू नका. गोठवलेल्या मटाराच्या वादात तीच नोंद तुमचा साक्षीदार असते. नेपाळशी व्यवहार भारतीय रुपयांत होतो, ही मोठी सोय; म्हणून पहिला प्रयोग तिथेच करावा, आणि तोही पूर्ण ट्रक न भरता.

त्या तरुण व्यापाऱ्याला मी शेवटी आयातदारासाठी एक निरोप लिहून दिला. तो इथे देतो, आपला माल घालून तुम्हीही पाठवा:

"आम्ही गोठवलेला हिरवा मटार, कोड ०७१०२१, अर्ध्या किलोच्या पाकिटात पाठवू इच्छितो. तुमच्याकडे या मालासाठी सक्तीचा नियम कोणता, त्याची प्रत पाठवा. चाचणी अहवाल आमच्या देशातला चालेल का? चालत असल्यास कोणत्या मान्यतेच्या प्रयोगशाळेचा आणि किती दिवसांपूर्वीपर्यंतचा? नमुना कोणी काढलेला हवा? तुमच्या नाक्यावर पुन्हा चाचणी होते का, कुठे होते, अहवाल किती दिवसांत येतो आणि तोवर माल कुठे ठेवला जातो? त्या दिवसांचे भाडे कोण देणार? लेबलाचा नमुना सोबत जोडला आहे, छपाईपूर्वी तुमच्या अन्न खात्याकडून पाहून लेखी कळवा."

निरोप सप्टेंबरातच पाठवा. उत्तर यायला महिना लागतो, त्यावर पुन्हा दोन प्रश्न विचारावे लागतात, आणि डिसेंबर उजाडला की मंडीत उभे राहून फोनवर इंग्रजी अहवाल वाचून दाखवायला कोणालाच सवड नसते.